डीयूआय (अमेरिकेत पिऊन गाडी चालवल्याची केस) झालंय? फॉर्मवर 'नो' टाका म्हणे!

कर्वेनगरची_लेक: काल इथे एकाने सल्ला दिलाय: "कॅलिफोर्नियात डीयूआयची केस वकिलाने 'वेट रेकलेस'वर, म्हणजे पिऊन बेदरकार गाडी चालवल्याच्या हलक्या गुन्ह्यावर, आणली की मिटली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या स्टँपिंगला डीएस-१६० अर्जावर सरळ 'नो' टाका, कोण बघतंय?" वर अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

अहो, तिथे फक्त 'शिक्षा झाली का' असं विचारत नाहीत. कधी अटक झाली होती का, असं विचारतात, आणि पुढे माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतात. अटकेच्या रात्री दहा बोटांचे ठसे दिलेत ना? व्हिसाला तीच दहा बोटं परत टेकवता. एका डीयूआयने सहसा कोणी कायमचं बाद होत नाही. खोटं बोलून व्हिसा मागितला असं ठरलं, तर मात्र कायमची बंदी लागू शकते.

फ्रीमाँटचा_तात्या: तो सल्ला माझाच. उपदेश फुकट असतो, ताई. माझ्या रक्तात अल्कोहोल ०.०९ टक्के आलं, मर्यादा ०.०८. रात्री दीड वाजता, थंडीत, टाच-बोट जुळवत रेघेवर नऊ पावलं चालायला लावलं. सातव्याला तोल गेला, बूट नवे होते. तीन आठवड्यांत वकिलातीचा ईमेल: व्हिसा रद्द. तोवर कोर्टात एकदाही उभा राहिलो नव्हतो. आधी फाशी, मग खटला!

कर्वेनगरची_लेक: बुटांचा दोष, बरं. नोव्हेंबर २०१५ पासून त्यांचा नियमच तसा आहे, नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द करतात. पण शिक्का गेला, स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याची परवानगी, नाही. आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीची, मुदत आहे तोवर नोकरी चालूच. अडतं ते देशाबाहेर पाऊल टाकलं की.

फ्रीमाँटचा_तात्या: 'देशाबाहेर पाऊल' किती सहज लिहिलंत. मार्चमध्ये वडील गेले. दहावा, तेरावा, सगळं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. शेवटी चुलतभावाने फोन खिशात टाकला, मग नुसता आवाज.

कर्वेनगरची_लेक: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पण म्हणून दुसऱ्यांना 'नो' टाकायला सांगू नका.

बाणेर_बाबा: मध्ये घुसतो. डिसेंबरात पुण्यात नाकाबंदीत फुंकलं. आपल्याकडे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३! अमेरिकेत चालणारा माणूस इथे गुन्हेगार. कोर्टात १०,००० भरले. लॉकअप नाही, काही नाही. मी 'यस' का टाकू?

खडूस_वकील: कारण प्रश्न 'अटक किंवा शिक्षा' असा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा कबूल करून कोर्टात दंड भरलात, ती शिक्षाच. सिग्नल तोडल्याचं चलान नव्हे ते.

बाणेर_बाबा: म्हणजे माझ्यापुढच्या गाडीवाल्याने हवालदाराशी मांडवली केली, तो गंगेत न्हाला? पावती मागणारा मी येडा?

खडूस_वकील: येडा नाही. पिऊन बसलेला.

बाणेर_बाबा: तोंड सांभाळून. दोन बिअर होत्या, घर तीन किलोमीटरवर.

विमाननगर_वहिनी: १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर उडवले. मी जवळच राहते. त्या चौकातून अजून रोज मुलीला क्लासला सोडते. 'दोनच होत्या' म्हणणाऱ्या सगळ्यांना ३०० शब्दांचा निबंध द्या, पद्धत पुण्यानेच पाडलीय. आणि हो, रात्री बारानंतर रिक्षावाले कुठे गडप होतात, तेही कोणी सांगा.

बाणेर_बाबा: रिक्षाचं बोललात, पटलं. मीटरने यायला तयार असता तर गाडी काढलीच नसती.

खडूस_वकील: रिक्षावाल्यांमुळे व्हिसा अडला. वा!

ठाणेकर_परतलेला: कामाचं बोला. माझी अटक दोन वर्षांपूर्वीची, न्यू जर्सीत. फॉर्मवर 'यस' टाकलं. बीकेसीतल्या वकिलातीच्या खिडकीवर २२१(जी)ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडकल्याची, चिठ्ठी आणि वकिलातीने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडे रवानगी. पाच वर्षांत एक अटक असली तरी पाठवतात. डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? म्हटलं, 'सोशली'. ते म्हणाले, आकडा सांगा. आठवड्याचे पेग बोटांवर मोजताना लाज वाटली. कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत मागितली, ती बरोबर होती म्हणून वाचलो. तरी अकरा आठवडे गेले. मॅनेजरला 'कौटुंबिक कारण' सांगितलं.

बाणेर_बाबा: खड्ड्यात गेली अमेरिका. कॅनडा बघतो.

खडूस_वकील: जरूर. डिसेंबर २०१८ पासून तिथे पिऊन गाडी चालवण्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून ते 'गंभीर गुन्ह्यां'त बसवतात. शुभास्ते पंथानः.

फ्रीमाँटचा_तात्या: सल्ला काढून टाकलाय. ताईंना बरं वाटावं म्हणून नव्हे, माझ्या वकिलानेही सकाळी तेच सुनावलं, अर्ध्या तासाची फी लावून. ठाणेकर, कोर्टाची प्रत क्लार्ककडून पोस्टाने मागवली होतीत, की स्वतः जाऊन आणलीत?