कंदील हलतो, सावली मागेच राहते

धक्क्यावरचा (मालवण)
मालवणच्या धक्क्याचं रात्रीचं दृश्य कॉम्प्युटरवर करतोय. रे ट्रेसर (उजेडाचे किरण मोजून चित्र काढणारा प्रोग्राम) स्वतः लिहिलाय, दर पिक्सेलला १ किरण. नुसतं चित्र वाळू सांडल्यासारखं दाणेदार, म्हणून फ्रेमा साठवत जातो: नव्या फ्रेमचा वाटा ०.०५, बाकी इतिहास, म्हणजे आधीच्या फ्रेमांची साठवलेली सरासरी. डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) किंवा नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) जुळला नाही तर इतिहास टाकून देतो. कॅमेरा फिरवला तरी चित्र स्वच्छ राहतं.

होडीवर टांगलेला कंदील झुलला की मात्र घोळ. चिऱ्यांवरची खांबाची सावली जवळजवळ सेकंदभर फरफटत येते. वाटा ०.२ केला तर सावली सुटते, पण दाणे परत. लहानपणी बाबांबरोबर पहाटे रापणीला जायचो. कंदील हेलकावला की सावली त्याच क्षणी पलटायची. मला ती तशीच हवी आहे.

देवगडकर
दादा, तपासण्या बरोबरच आहेत, पण चिरा हललेलाच नाही! मोशन व्हेक्टर (पिक्सेल किती सरकला ते) शून्य, डेप्थ तीच, नॉर्मल तोच. बदललाय फक्त उजेड, आणि त्याची चौकशी कुठेच होत नाही. ०.०५ म्हणजे साधारण ३९ फ्रेमांची सरासरी, ०.२ म्हणजे ९ची. म्हणून दाणे दुप्पट दिसतात. सगळ्या पडद्याला एकच आकडा लावू नका.

२०१७च्या एसव्हीजीएफमध्ये (दाणे घालवायची एक पद्धत) हीच अडचण होती. २०१८च्या ए-एसव्हीजीएफ या तिच्या सुधारित रूपातला उपाय मला फार आवडतो. थोडे पिक्सेल निवडून मागच्या फ्रेमचा नमुना त्याच रँडम सीडने (ज्या आकड्यावरून किरणांच्या यादृच्छिक दिशा ठरतात तो), पण आत्ताच्या कंदिलाच्या उजेडात पुन्हा काढायचा. सीड तोच, म्हणजे जो फरक येईल तो उजेडाचाच. फरक मोठा असेल तिथे इतिहास सोडून द्या.

वेंगुर्ल्याहून
आधी इतिहासाची किंमत आत्ताच्या फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांच्या कमाल-किमान मर्यादेत दाबून बघा, काम स्वस्तात होतं. पण दर पिक्सेलला १च किरण असला की ती मर्यादाच इतकी रुंद असते की जुनी सावलीही तीत बसते. मी आधी थोडं गाळून (दाणे पुसट करून) मग दाबतो. आणि चिऱ्याचा रंग भागून नुसता उजेड गाळा, नाहीतर जांभ्याची भोकं पुसली जातात.

धक्क्यावरचा
सीड साठवलेला नाही. पिक्सेलची जागा आणि फ्रेम नंबर यांवरून काढतो. चालेल?

देवगडकर
चालेल, साठवायची गरजच नाही. फक्त जागा आणि फ्रेम नंबर दोन्ही मागच्या फ्रेमचे घ्या. मी तिथेच दोन दिवस अडकलो होतो.

धक्क्यावरचा
झालं! रात्री दीडला सावली कंदिलाबरोबर पलटली. बाबांना उठवून दाखवली.