विषय: रविवारचा परिसंवाद, प्रश्न चिठ्ठीवर की माईकवर? (तातडीचं)

सेक्रेटरी:
मंडळी, हॉलवाल्याला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय की माईक एक लागणार का दोन, तेव्हा पटापट बोला. मागच्या खेपेसारखा तमाशा नको एवढंच. पहिलाच प्रश्न खोल्या भाड्याने देण्यावर आला, मागून कोणीतरी 'घाटी' काढलं, लगेच 'रेसिस्ट' आलं, आणि भाडेकरूंच्या पोलीस व्हेरिफिकेशनचं काय ते राहिलंच. पाहुणे बिचारे गार चहा धरून बसलेले. मी म्हणतो प्रश्न चिठ्ठीवर घेऊ, मी वाचून दाखवीन.

नाना, म्हापसा:
म्हणजे सेन्सॉर! कुठली चिठ्ठी वाचायची आणि कुठली खिशात घालायची हे तुम्हीच ठरवणार ना? अहो गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, ह्यावरच्या १९६७ च्या ओपिनियन पोलला आमचे वडील फुलाचे, म्हणजे विलीनीकरणवाले, आणि काका दोन पानांचे, म्हणजे विरोधातले, रात्री एका पंगतीत जेवायचे. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी मतदान निःपक्ष व्हावं म्हणून आधी सरकारचा राजीनामा दिला, विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं, आणि त्याच वर्षी लोकांनी परत त्यांच्याच हाती राज्य दिलं. पटलं नाही तरी माणूस टाकला नाही कोणी. आता जरा काही बोललं की लेबल चिकटवून मोकळे.

काकू, फोंडा:
नाना, तुमची ओपिनियन पोलची १६ जानेवारी दरवर्षी ऐकतो, १९८६ कसं विसरता हो सोयीने? राजभाषेच्या आंदोलनात झाडं तोडून रस्ते अडवले होते, माणसं मेली, आमच्या जाऊबाईंचं माहेर मडगावचं, त्यांना डिसेंबरात घराबाहेर पडता येईना. मराठीवाले कोंकणीवाल्यांना काय काय म्हणत होते आणि ते आपल्याला काय, ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणे पूर्वी सभ्यता होती.
चिठ्ठीला माझा विरोध नाही, पण वाचणारा सेक्रेटरी नको.

खजिनदार:
दुसऱ्या माईकचं भाडं वेगळं पडतं. शिवाय मागच्या वेळी कॉर्डलेसचे सेल मी खिशातून आणले होते, ते बिल अजून पडून आहे.

वकील, पर्वरी:
दोन गोष्टी. मागच्या वेळी 'कोर्टात खेचतो' असं जे कोणी ओरडलं त्यांच्यासाठी, घटनेच्या १५ व्या कलमात वंशही आहे आणि जन्मस्थानही आहे, पण ती मनाई मुख्यतः सरकारला, खाजगी घरमालकाने खोली नाकारली तर ते कलम थेट लागत नाही. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलचा मुलगा मारहाणीनंतर गेला तेव्हा बेझबरुआ समिती नेमली होती, तिने वांशिक शेरेबाजीसाठी वेगळं कलम सुचवलं होतं.
दुसरं. २०१३ मध्ये पर्रा इथे नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या लोकांनी आमच्या पर्वरीला हायवे अडवला. मी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, चिडलोही होतो. पण त्यानंतर आपल्याच एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं, मग माफी मागितली, आणि आमच्या सोसायटीत जे बोललं जात होतं त्याची माफी मागायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्याला कोणी घाटी म्हटलं की झोंबतं, तेच तोंड दुसऱ्यावर सोडताना कुठे जातं ते झोंबणं? तेव्हा माईक ठेवा, फक्त 'तू अमका आहेस' म्हणायचं नाही, 'तू हे बोललास' एवढं म्हणायचं.

नवीन मेंबर, वास्को:
'रेसिस्ट' मीच म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. मी मूळचा सोलापूरचा, घाटी ऐकायची सवय झालीय. पण मणिपूरच्या कलीगबरोबर खोली बघायला गेलो तर मालकीण दारातूनच म्हणाली 'चायनीज नको', त्याने मुकाट्याने आधार कार्ड काढून दाखवलं, तिने ते बघितलंसुद्धा नाही. आणि मग आपल्या हॉलमध्ये ऐकायचं, 'ह्या लोकांना खोल्या देऊन गाव नासलं'. ह्याला वकीलसाहेबांनी सौम्य शब्द सुचवावा, वापरतो.

नाना, म्हापसा:
वास्कोकर, 'ह्या' नाही, 'असल्या' म्हटलं होतं मी! आणि वाक्य पुरं होऊ दिलं असतंत तर पुढचं कळलं असतं, एका खोलीत आठ जण कोंबून भाडं घेणारा आमचाच गाववाला, फॉर्म भरत नाही, कचरा विहिरीच्या कडेला, आणि पंचायतीत हाच पुढे बसून 'भायल्यांनी', म्हणजे बाहेरच्यांनी, वाट लावली म्हणून भाषण ठोकतो. मला त्याच्याबद्दल विचारायचं होतं.

नवीन मेंबर, वास्को:
मग त्याच्याबद्दलच विचारायचं ना नाना, भाडेकरूवर कशाला घसरलात?

सेक्रेटरी:
बास. माईक एक, स्टँडवर, स्टेजच्या बाजूला. ज्याला विचारायचंय त्याने पुढे येऊन उभं राहून विचारायचं, मागच्या रांगेतून ओरडायचं नाही. नानांचा प्रश्न पहिला, घरमालकांपुरता. सूत्रसंचालन वकीलसाहेब.

काकू, फोंडा:
सूत्रसंचालन कार्यकारिणीच्या बैठकीत मला दिलंय, इतिवृत्त काढून बघा. वकीलसाहेबांनी खुशाल प्रश्न विचारावेत, स्टँडपाशी उभं राहून.