मुंबईसमोरच्या समुद्राच्या तापमानात ६० वर्षांची लाट दिसतेय, खरी आहे का?

वर्सोव्याची_पोर:
एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, शेवटचं वर्ष. घरी बाबा आणि काका बोट घेऊन जातात, पाणी तापलंय हे लहानपणापासून ऐकतेय म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला. नोआचा (अमेरिकेची हवामान आणि समुद्र संस्था) ईआरएसएसटी डेटा, म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान, उतरवला, १९०० पासूनचे महिन्याचे आकडे, दर महिन्याची आपापली सरासरी वजा केली, मग सरळ रेषा बसवून तीही वजा केली आणि उरलेल्यावर ११ वर्षांची सरकती सरासरी, म्हणजे ११ वर्षांचा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावला तर चक्क ६० वर्षांची लाट दिसतेय, १९४० च्या आसपास वर, मग खाली, आता परत वर. त्यावर साइन वेव्ह बसवली तर पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने अशी लाट दिसण्याची शक्यता) जवळजवळ शून्य!! इतकं छान यायला नको ना? कुठे चुकतंय?

आकडेमोड:
शंका बरोबर आहे तुझी. पी-व्हॅल्यू काढताना प्रत्येक महिना स्वतंत्र धरलायस, पण समुद्राला आठवण असते, या महिन्यात पाणी गरम असेल तर पुढच्या महिन्यातही बहुतेक असतंच. समज लॅग-१ ऑटोकोरिलेशन (लागोपाठच्या दोन महिन्यांचं आपसातलं नातं) ०.८ आहे, तर दर १२०० महिन्यांमागे खरे स्वतंत्र आकडे (१ − ०.८) भागिले (१ + ०.८) या हिशोबाने जेमतेम १३३ उरतात, म्हणजे स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) तिप्पट. आणि तू तर मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावल्यावर टेस्ट केलीस, त्याने शेजारचे आकडे अजून एकमेकांना चिकटले. हवामानशास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये हेच दाखवलं होतं, रोजच्या हवेचे उलटसुलट धक्के समुद्र साठवत जातो आणि कुठलंही चक्र नसताना संथ चढउतार तयार होतात. त्यांना २०२१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. तेव्हा एआर-१ च्या (प्रत्येक आकड्यात आधीच्याचा काही भाग आणि एक नवा उलटसुलट धक्का) हजारभर खोट्या सिरीज बनव, प्रत्येकीवर हीच सगळी प्रोसेस कर, मग तुझी लाट त्यात कुठे बसते बघ. शिवाय १२५ वर्षांत ६० वर्षांची लाट फक्त दोनदा मावते, दोन फेऱ्यांवरून चक्र म्हणणं धाडसाचं आहे.

दर महिन्याची सरासरी वेगळी वजा केलीस ते मात्र एकदम योग्य. आपला समुद्र वर्षातून दोनदा तापतो, एकदा मेमध्ये आणि पावसाळी वाऱ्याने ढवळून गार झाल्यावर परत ऑक्टोबरच्या सुमारास, एकाच साइन कर्व्हने तो भाग निघालाच नसता.

दर्यावर्दी७२:
मर्चंट नेव्हीत होतो म्हणून मोजमापाबद्दल सांगतो. पूर्वी बादलीने पाणी वर घ्यायचे, कॅनव्हासच्या बादलीत बाष्पीभवनाने ते थोडं गार व्हायचं, त्यामुळे रीडिंग कमी. नंतर इंजिनात जाणाऱ्या पाण्याचं तापमान घ्यायला लागले, ते जरा जास्त येतं. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावून बादली सोडणं धोक्याचं, म्हणून इंजिनाची रीडिंग वाढली आणि १९४५ नंतर परत बदल झाला. डेटात दुरुस्त्या करतात, पण त्या काळातला फुगवटा पूर्ण गेलेला नाही. तुझं १९४० चं शिखर नेमकं तिथेच आहे बेटा.

वर्सोव्याची_पोर:
दादा, काका, खूप थँक्यू. दोन रात्री बसून खोट्या सिरीज चालवल्या, बऱ्याच जणींत तशाच लाटा निघाल्या. पण शेवटी वर जाणारं टोक काही त्यांच्यात येत नाहीये, ते चक्राचं समजू का?

आकडेमोड:
नको, ते तुझ्या सरळ रेषेमुळे आहे. तापणं सगळा काळ एकाच वेगाने झालेलं नाही, आधी हळू, गेल्या काही दशकांत जोरात. अशा वाकड्या चढातून सरळ रेषा वजा केली की मधे खळगा आणि शेवटी उंचवटा उरणारच. उष्णकटिबंधीय हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये साधारण १ अंशाने तापलाय, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त, ते लाटेत मोडू नकोस. रेषेऐवजी लोएस (डेटाप्रमाणे वळणारी गुळगुळीत रेघ) लाव, १९५० पासूनचा भाग वेगळा काढ आणि एरर बार (अनिश्चितता दाखवणाऱ्या पट्ट्या) ऑटोकोरिलेशन धरून दे.

वर्सोव्याची_पोर:
केलं. लाट गेली, चढ राहिला, एरर बार रुंद करूनही राहिला. बाबांना दाखवला, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले अशीच एक रेघ बोंबलाचीही काढता येईल का. त्याचा जुना डेटा कुठे मिळेल, कोणाला माहितीये का?