बटाट्यावरील ठिपकेदार भुंगेरे : निंबोळी अर्काची चाचणी कशी घ्यावी?

पठारकर :
सातगाव पठारावर आमचा खरिपाचा बटाटा आहे. पानांचा हिरवा भाग खरवडला जाऊन पाने जाळीदार झाली आहेत. त्यांवर काळ्या ठिपक्यांचे तांबूस भुंगेरे आणि पिवळ्या, काटेरी अळ्या आहेत. पाच टक्के निंबोळी अर्क चांगला की दशपर्णी (दहा वनस्पतींच्या पाल्याचा अर्क), हे सगळ्या रानात फवारण्यापूर्वी ताडून पाहायचे आहे. अर्धे रान एकाने आणि अर्धे दुसऱ्याने फवारले तर चालेल का?

कीटकमित्र :
वर्णनावरून हे एपिलॅक्ना भुंगेरे आहेत. ते वांग्यावरही जगतात, त्यामुळे शेजारी वांगी असतील तर त्या बाजूला प्रादुर्भाव मुळातच जास्त असतो आणि अर्ध्या-अर्ध्या रानाची तुलना फसते. त्याऐवजी लहान वाफे पाडून प्रत्येक अर्काला किमान चार वाफे चिठ्ठ्या टाकून द्यावेत आणि तितक्याच वाफ्यांत नुसते साबणाचे पाणी फवारावे. अर्कात मिसळलेल्या साबणानेही कोवळ्या अळ्या मरतात, म्हणून त्याचा वाटा वेगळा कळायला हवा. भुंगेरे या वाफ्यातून त्या वाफ्यात उडतात, अळ्या मात्र फारशा हलत नाहीत. तेव्हा खूण केलेल्या झाडांवरील अळ्याच फवारणीपूर्वी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी मोजाव्यात. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्यांचा सडा दिसला नाही म्हणून निंबोळीला नापास करू नये, कारण त्यातील अझाडिरॅक्टिनमुळे अळीचे खाणे मंदावते आणि तिला नीट कात टाकता येत नाही. किती अळ्या कोषात गेल्या आणि नवी पाने किती खरवडली गेली, यांवरच खरा निकाल ठरतो.

बांधावरून :
दशपर्णीचा प्रत्येक घाणा वेगळा उतरतो, त्यामुळे संपूर्ण चाचणीसाठी एकाच पिंपातला अर्क वापरावा. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होते. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला आणि पावसाची उघडीप पाहून करावी. चकचकीत, सात ठिपक्यांचा ढालकिडा मावा खाणारा मित्रकीटक आहे. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते आणि ती निस्तेज दिसते, एवढा फरक मोजणाऱ्याला आधी दाखवावा.

पठारकर :
आभारी आहे. दुकानदार बीटीची (किडी मारणाऱ्या जिवाणूची) पुडी सुचवतो आहे. तिचे वाफे घालावेत का?

कीटकमित्र :
पुडीवर ‘कुर्स्टाकी’ लिहिले असेल तर घालू नयेत. तो प्रकार पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहे. भुंगेऱ्यांवर चालणारा ‘टेनेब्रिओनिस’ वेगळा आहे आणि तो परदेशात बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी वापरला गेला. तो भुंगेरा आपल्याकडे नाही.