ओहायोमध्ये मतदारसंघ आखणारा स्वतंत्र आयोग नेमका कसा असावा?

प्रश्न

मी अनेक वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये येथील मतदारांनी पंधरा नागरिकांच्या आयोगाचा प्रस्ताव फेटाळला. हा आयोग पक्षीय सोयीनेच मतदारसंघ आखण्यास बांधील राहील, असे मतपत्रिकेवरच छापलेले होते. ते वाचून मी मतदान केंद्रात बराच वेळ थबकले, कारण ज्या प्रकाराला आळा घालायचा तोच प्रकार हा प्रस्ताव सक्तीचा करणार, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ होत होता. सध्याच्या आयोगात गव्हर्नर, लेखापरीक्षक, राज्यसचिव आणि विधिमंडळातील नेत्यांनी नेमलेले चौघे असे सात जण असतात. त्यांचे नकाशे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार रद्द केले, तरी २०२२ ची निवडणूक त्यांतल्याच रद्द ठरलेल्या नकाशांवर पार पडली. पुन्हा प्रस्ताव आणायचा झाल्यास त्यात कोणत्या तरतुदी हव्यातच, असे आपणांस वाटते?

प्रतिसाद १

माझ्या मते सारे काही सदस्यांच्या निवडीवर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात २००८ च्या सार्वमताने आलेल्या पद्धतीत अर्जांची छाननी होऊन साठ नावे उरतात: दोन्ही मोठ्या पक्षांची प्रत्येकी वीस आणि इतरांची वीस. विधिमंडळातील नेते त्यांतली जास्तीत जास्त चोवीस नावे वगळू शकतात, पण स्वतःचे एकही नाव घालू शकत नाहीत. उरलेल्यांतून आठ जण सोडतीने ठरतात आणि तेच आठ जण पुढचे सहा निवडतात. नेत्यांच्या हाती केवळ नकाराचा अधिकार ठेवणे, हे मला या रचनेतले सर्वांत शहाणपणाचे वाटते. ॲरिझोनात पाचपैकी चार सदस्य विधिमंडळातील नेते निवडतात. तेथे २०११ मध्ये गव्हर्नरांनी आयोगाच्या अध्यक्षांनाच पदावरून दूर केले आणि न्यायालयाने त्यांना परत आणले. त्यामुळे सदस्याला कोण व कोणत्या कारणासाठी काढू शकते, हेही मसुद्यात नेमकेपणाने लिहायला हवे.

प्रतिसाद २

निवडीइतकाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे सदस्यांचे एकमत न झाल्यास पुढे काय. व्हर्जिनियात २०२० मध्ये मतदारांनी आठ आमदार आणि आठ नागरिकांचा आयोग मंजूर केला. पुढच्याच वर्षी त्याची कोंडी झाली आणि अखेर नकाशे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. न्यूयॉर्कमध्ये कोंडी होताच काम पुन्हा विधिमंडळाकडे गेले. कोंडी झाल्यावर निर्णय आपल्याकडेच येणार हे ठाऊक असलेला पक्ष तडजोड कशाला करील? मिशिगनमध्ये मंजुरीसाठी दोन्ही पक्षांचे आणि अपक्षांचे प्रत्येकी किमान दोन सदस्य अनुकूल असावे लागतात, आणि तेही न जमल्यास आयोगातच पसंतीक्रमाने मतदान होते. काम विधिमंडळाकडे जातच नाही.

प्रश्नकर्ती

मिशिगन आमच्या शेजारचेच राज्य असल्याने तेथील अनुभव ओहायोतील लोकांना पटवून देणे सोपे जाईल. तेथे काही बिघडलेही का?

प्रतिसाद २

होय, आणि ते झाकू नये. आयोगाने डेट्रॉइट शहराचे लांबट तुकडे करून ते उपनगरांना जोडले, आणि त्यामुळे कृष्णवर्णीय मतदारांची ताकद विखुरते अशी तक्रार रहिवाशांनी जाहीर सुनावणीतच केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने त्या परिसरातील तेरा मतदारसंघ, सीमा वंशाच्या आधारे आखल्याच्या कारणावरून, रद्द केले. मात्र दुरुस्तीचे काम पुन्हा त्याच आयोगाने केले. सुनावणीतील हरकत फेटाळताना आयोगाने लेखी कारणे द्यावीत, अशी तरतूद तुमच्या मसुद्यात मी आवर्जून घालीन.

प्रतिसाद ३

एक कायदेशीर बाब जोडतो. मतदारांनी सार्वमताने स्थापलेला आयोग काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, मतदारसंघही आखू शकतो, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ॲरिझोनाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. २०१९ मध्ये याच न्यायालयाने पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांबद्दल संघीय न्यायालये निवाडा करणार नाहीत असे ठरवले. त्यामुळे अशा तक्रारीसाठी आता राज्याचे संविधान आणि राज्याचेच न्यायालय उरते. नकाशा रद्द झाल्यास त्या नकाशावर निवडणूक घेता येणार नाही आणि नवा नकाशा किती दिवसांत कोणी करायचा, हे ओहायोच्या मसुद्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. २०२२ मध्ये नेमकी तीच उणीव नडली.