मदत हवी आहे: मुंबईतल्या किराणा दुकानांचे भरवशाचे आकडे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय आहे दादर, परळ, लालबागमधली किराणा दुकानं आणि दहा मिनिटांत सामान पोचवणारी ॲप्स. दुकानदारांच्या मुलाखती छान चालल्यात. अडलंय ते दुसऱ्या प्रकरणात: मुंबईत अशी दुकानं किती, आणि गेल्या काही वर्षांत ती वाढली की घटली?

वर्तमानपत्रांत आकडे भरपूर येतात. त्यातल्या एकाचा माग काढत गेले. बातमीत एका सल्लागार कंपनीचं नाव होतं, तिच्या साइटवर नुसता सारांश. पूर्ण तक्ता सापडला तो शेअर बाजार नियामक सेबीच्या साइटवर, शेअर बाजारात येऊ पाहणाऱ्या एका ॲप कंपनीच्या डीआरएचपीमध्ये (म्हणजे शेअर विक्रीआधी सादर करायच्या माहितीपत्रकाच्या मसुद्यात). आणि तिथेच लिहिलंय की हा अहवाल कंपनीने पैसे देऊन करून घेतलाय. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण जिला किराण्याचं गिऱ्हाईक स्वतःकडे वळवायचंय, तिने करून घेतलेला अंदाज किराण्याबद्दलचा पुरावा म्हणून घ्यावा का? गाइड मॅडम म्हणतात, घे, पण पैसे कोणी दिले ते त्याच वाक्यात लिही. मला एवढ्याने समाधान होत नाहीये.

सरकारी नोंदींचा गुंता वेगळाच. लघुउद्योगांच्या नोंदणीचं उद्यम पोर्टल 1 जुलै 2020 ला सुरू झालं आणि किरकोळ व्यापाऱ्यांना त्यात जुलै 2021 मध्ये घेतलं, तेही फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं (बँकांना ठराविक वाटा ज्या क्षेत्रांना द्यावाच लागतो ती कर्जं). म्हणजे त्यानंतरची वाढ नोंदणीची, दुकानांची नव्हे. शिवाय माहिती ज्याची त्याने भरलेली. पालिकेच्या दुकान नोंदणीवर माझी भिस्त होती, पण राज्याच्या 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची नोंदणीच काढून टाकली, फक्त कळवलं की झालं. किराणा दुकानात दहा माणसं असतात कुठे! त्यामुळे 2017 च्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एका आलेखात टाकायची हिंमत होत नाही. सहावी आर्थिक गणना 2013-14 ची, तिच्यावर आजचं काही बोलता येणार नाही.

उरतं सांख्यिकी मंत्रालयाचं अनिगमित, म्हणजे कंपनी म्हणून नोंद नसलेल्या, उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण. त्याचा युनिट लेव्हल डेटा, म्हणजे एकेका दुकानाची नाव नसलेली नोंद, फुकट मिळतो. माझा खरा प्रश्न इथेच आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे. माझी तिन्ही ठिकाणं शहर जिल्ह्यात येतात. तेवढ्या भागाचा अंदाज काढण्याइतका नमुना असतो का? एनआयसीचा (सरकारी उद्योग वर्गीकरणाचा) 4711 हा वर्ग म्हणजे किराणा असं धरलं तर चालेल का? कोणी या डेटावर काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

4711 धरा, पण त्यात खाद्यपदार्थ मुख्य असलेली सगळी मिश्र दुकानं येतात हे व्याख्येत नोंदवा. मल्टिप्लायर (नमुन्यातलं एक दुकान प्रत्यक्षातल्या किती दुकानांच्या जागी धरायचं तो गुणक) लावल्याशिवाय कुठलाही आकडा वाचू नका. शहर जिल्ह्यापुरता आकडा काढायच्या आधी त्यात तुमच्या वर्गाची प्रत्यक्ष किती दुकानं आली आहेत ते मोजा. मूठभर निघाली तर सरळ शहरी महाराष्ट्राचा अंदाज द्या आणि तसं स्पष्ट लिहा.

डीआरएचपी फेकून देऊ नका. त्यातले कंपनीचे स्वतःचे आर्थिक ताळेबंद लेखापरीक्षित असतात, उद्योगाबद्दलच्या प्रकरणाला ते बळ नसतं. ॲपची बाजू त्या ताळेबंदांतून घ्या. किराण्याची बाजू तुम्हालाच उभी करावी लागेल. हद्द आखून घ्या, समजा दादरचा रानडे रोड आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्या, आणि चालत जाऊन प्रत्येक दुकान मोजा. सोबत विचारा की दुकान किती वर्षांचं आहे आणि शेजारचं कुठलं बंद झालं. बंद झालेली दुकानं कुठल्याच सर्वेक्षणात दिसत नाहीत, ती फक्त शेजाऱ्याला माहीत असतात.