'उपजत' आणि 'जन्मजात': अर्थ एकच का?

प्रश्न:
उत्क्रांती मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'सापाची भीती माणसात उपजत असते' असं वाक्य लिहिलं होतं. संपादकांनी 'उपजत' खोडून 'जन्मजात' केलं, अर्थ एकच म्हणाले. मला पटत नाहीये. तुम्ही काय लिहाल?

उत्तर १:
एक नक्कीच नाही. 'जन्मजात' म्हणजे जन्मताना असलेलं, कारण काहीही असो. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मजात मोतीबिंदू होऊ शकतो. त्यात आनुवंशिक काही नाही. उलट दाढी-मिशा जन्मजात नाहीत, पण त्या कुणी शिकवतही नाही.

'उपजत' म्हणजे न शिकवता आलेलं. उपजत गोड गळा म्हणतो तसं. घोटाळा पुढे होतो. न शिकवता आलं म्हणजे अनुभवाशिवाय आलं, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलिब यांनी मॅलार्ड जातीच्या बदकांवर प्रयोग केले. यंत्रात उबवलेलं, आईचा आवाज कधीच न ऐकलेलं पिल्लू आपल्याच जातीच्या मादीच्या हाकेकडे धावतं. याहून उपजत काय असणार? पण अंड्यात असतानाच पिल्लाचा आवाज बंद केला आणि त्याला इतरांपासून वेगळं ठेवलं, तेव्हा बदकाची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरक त्याला नीट कळेना. म्हणजे ही ओळख कवचाच्या आत, स्वतःचीच चिवचिव ऐकत घडत होती.

तरीही 'उपजत' मी टाकणार नाही. त्याच्या पोटात 'उपजणे' हे क्रियापद आहे. मनात विचार उपजतो; गवयाची उपज तर ऐन मैफलीत, समोरच्या ठेक्यावर सुचते. उपजायला वेळ लागतो, भोवताल लागतो. 'जन्मजात'मध्ये ते सगळं आटोपलेलं असतं.

उत्तर २:
शब्दांचं पटलं. पण सापाच्या वाक्यात दोन्ही नकोत. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडं सापाला भीत नाहीत. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं की मात्र लगेच भिऊ लागतात. तीच घाबरगुंडी चित्रफितीत फुलांसमोर जोडून दाखवली, तर फुलांना भीत नाहीत. उत्क्रांतीचा वाटा आहेच, फक्त तो तयार भीतीचा नाही. मी लिहीन: 'सापाची भीती चटकन जडते.' सवय जडते, तशी.

प्रश्नकर्ती:
'जडते' घेतलं. संपादकांना बदकांसकट पाठवते.